नागपूरचा तिबेटी स्वेटर बाजार : काय घ्यावं, काय सोडावं, आणि तिथे एकच भाव का असतो

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. लहान पोरांचे सेट, बायकांचे पुढून बटणांचे कार्डिगन आणि पुरुषांचे बिनबाह्यांचे स्वेटर, या तीन गोष्टी तिबेटी बाजारातूनच घ्या. या भावात यापेक्षा बरा माल नागपुरात मला तरी दिसला नाही. जॅकेट घ्यायचं असेल तर चेन तपासून घ्या. आणि फक्त शाल घ्यायला जाणार असाल तर जाऊच नका.

आता सविस्तर. मी नागपुरातल्या इंदोऱ्यात शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, आणि थंडीत मुख्यतः आल्टरेशन. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यामुळे कुठलंही कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं, ही घरातलीच खोड. या बाजारात मी गिऱ्हाईक म्हणून जाते, आणि तिथून घेतलेले कपडे पुढच्या आठवड्यात बाही आखूड करायला माझ्याच मशीनवर येतात. माल नवा असताना माझ्या हाताखालून जातो, आणि दोन-तीन हिवाळे वापरून झाल्यावर चेन बदलायला तोच परत येतो. तेव्हा हे परीक्षण म्हणजे गाळ्यासमोर पाच मिनिटं उभं राहून केलेलं मत नाही.

बाजार दिवाळीनंतर लागतो, बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, अंगाला. जागा दरवर्षी तीच असेल असं धरून चालू नका. मैदान कोणतं मिळतं आणि परवानगी कशी मिळते त्यावर ते असतं. ऑटोवाल्याला ‘तिबेटी मार्केट’ म्हटलं की पुरे. आत गेलं की दोन्ही बाजूंनी बांबू-ताडपत्रीचे गाळे, वर टांगलेली जॅकेटं, खाली फळीवर रंगांप्रमाणे लावलेल्या स्वेटरच्या थप्प्या. गाळ्यात दलाई लामांचा फोटो आणि त्याच्या खाली पैसे द्यायचा क्यूआर कोड. बहुतेक ठिकाणी बायकाच बसतात, हातात माळ किंवा विणकामाच्या सुया, आणि तुम्ही थप्पी विस्कटली तरी तोंड वाकडं करत नाहीत. आपल्याकडच्या काही दुकानांत ‘घ्यायचं असेल तरच उघडतो’ म्हणतात, ते इथे ऐकू येत नाही.

कार्डिगनपासून सुरू करते. मी घेतला तो साडेसहाशेचा, तपकिरी, दोन खिशांचा. कॉलर आधी बघा. चांगल्या स्वेटरला गळ्याची पट्टी अंगाच्या विणीला टाक्याला टाका जोडून लावलेली असते. आतून बोट फिरवलं तर सपाट लागते. हलक्या मालात तीच पट्टी ओव्हरलॉक मारून चिकटवतात, आतून दोरीसारखी जाड कड लागते. अशी पट्टी दोन धुण्यांत लाटेसारखी होते. तिबेटी बाजारात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मिळतात आणि भावात शंभर-दीडशेचाच फरक असतो, म्हणून बोट फिरवणं सोडू नका. गळा दोन्ही हातांनी ताणून पाहा. ‘तट’ असा आवाज आला की थप्पीत परत.

धागा बहुतेक ॲक्रिलिकच. चिठ्ठीवर ‘कॅशमिलॉन’ लिहिलेलं असेल तर तेही ॲक्रिलिकच, फसू नका. पण नागपूरच्या थंडीला ते पुरतं. आपल्याकडे थंडी म्हणजे सकाळी सातपर्यंत आणि रात्री नऊनंतर. दुपारी तर स्वेटर कंबरेला बांधून फिरतो आपण. लोकर घेतली तर ती कसर लागण्यापासून जपणार कोण? ॲक्रिलिकचा दोष एकच, काखेत आणि जिथे पर्स घासते तिथे गोळे येतात. ते येणारच. जुन्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडले की स्वेटर आणखी एक वर्ष काढतो.

पोरांचे सेट म्हणजे स्वेटर, पायजमा आणि टोपी. साडेचारशेला माझ्या नातवासाठी घेतला, पुढच्या हिवाळ्यात तो भाच्याच्या पोराला गेला, अजून काठ सैल झालेला नाही. या बाजारातली सगळ्यात फायद्याची वस्तू हीच. माकडटोपीही इथलीच घ्या, शिवणीत टोचत नाही.

जॅकेटचं मात्र लक्षपूर्वक. वरचं कापड आणि आतली फ्लीस चांगली असते, मार खाते ती चेन. माझ्याकडे या बाजारातली जी जॅकेटं येतात त्यातली बहुतेक चेनसाठीच येतात. रनर वर-खाली तीन-चारदा ओढून बघा, मधे अडखळला तर दुसरा नग मागा, काढून देतात. छातीवर परदेशी कंपनीचं नाव भरतकाम केलेलं असेल तर ते नक्षी समजून सोडून द्या. विकणारीही ते खरं असल्याचा दावा करत नाही, विचारलं की हसते.

शाल. ‘पश्मिना’ म्हणून जी लटकवलेली असते तिच्या झालरीचा एक दोरा मी घरी आणून जाळून पाहिला. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. हा दोरा वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. खोटं बोलून विकली असं मी म्हणत नाही, भावच सांगत होता की ती पश्मिना नाही. पण याच शहरात एका मोठ्या चकचकीत दुकानात ‘प्युअर वूल’ म्हणून तिप्पट भावात घेतलेल्या मफलरीचाही असाच मणी झाला होता, आणि तिथे मला वर बिलही मिळालं.

आता भावाचं. ‘एकच भाव’ हे या बाजाराचं वैशिष्ट्य सगळे सांगतात, आणि सगळेच तरीही घासाघीस करतात. मीही करायची. मग ज्या बाईकडून मी नेहमी घेते तिने एकदा मालाचा हिशेब समजावला. ती गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतली, मराठी आपल्यासारखीच बोलते, थोडा झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा, हेल. म्हणाली, “ताई, हा माल माझा नाही, लालाचा आहे. तुमी दोनशे कमी दिले तं लाला मले दोनशे माफ नाही करत.”

लाला म्हणजे लुधियानाचा कारखानदार. स्वेटर तिबेटी नसतात हे आधी सांगायला हवं होतं, कारण अजूनही काही जण ‘तिबेटमधून आणलेले’ समजून घेतात. पहिल्या पिढीतल्या बायका हाताने विणून विकायच्या. पुढे सगळा माल लुधियानाच्या मशीनवर आला. थंडी सुरू व्हायच्या आधी ही माणसं लुधियानाला जातात, माल उचलतात, बराचसा उधारीवर, आणि देशभरातल्या शहरांत पांगतात. हंगाम संपला की हिशेब. कागदापेक्षा ओळखीवर चालणारा व्यवहार आहे. लालालाही ते परवडतं, कारण एरवी ज्या शहरांत त्याचा माणूस नाही तिथे त्याचा माल पोचतो, आणि पैसे बुडत नाहीत.

मी विचारलं, बँकेचं कर्ज का नाही घेत, व्याज तरी कमी पडेल. तिने पर्समधून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पुस्तक काढून दाखवलं. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. त्यांच्यात सगळे ‘आरसी’ म्हणतात. भारतात जन्म, गोंदिया जिल्ह्यात शाळा, नवराही तिथलाच, आणि कागदावर ‘परदेशी’. मुदत संपली की नूतनीकरण करायचं. गहाण ठेवायला स्वतःची जमीन नाही, कारण वसाहतीची जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. मग बँक कशावर कर्ज देणार? लाला ओळखतो, म्हणून लालाकडे.

गोठणगाव मी पाहिलेलं आहे, कारण माझी नणंद अर्जुनी मोरगावला दिली आहे. नवेगाव बांधला सहलीला जाणाऱ्यांनी कधी थोडी वाट वाकडी करून इटियाडोहच्या धरणाकडे जावं. तिथे प्रतापगडच्या परिसरात, जिथे महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि दर्ग्यावर उरूसही होतो, तिथेच नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. आजूबाजूची माणसं ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. १९७२ साली वसली, तेव्हा भंडारा जिल्हा होता. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला. महाराष्ट्रातली तिबेटींची शेतीची वसाहत ही एवढीच. १९५९ मध्ये दलाई लामा तिबेट सोडून आले, त्यांच्यामागे सुमारे ८० हजार माणसं आली. सुरुवातीला त्यातल्या पुष्कळांनी हिमालयात रस्ते बांधायच्या कामावर मजुरी केली. १९६०-६१ मध्ये म्हैसूर राज्यात बायलकुप्पेला पहिली मोठी वसाहत झाली, मग मुंडगोड, मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी अशा एकेक. बर्फातल्या माणसांना पार आपल्या मे महिन्याच्या हवाली केलं. झाडीपट्टीत पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा आपली जन्माची माणसं ओले पंचे डोक्यावर घेऊन बसतात. त्या म्हाताऱ्यांचं पहिल्या उन्हाळ्यात काय झालं असेल!

कॅम्पात गोम्पा, म्हणजे त्यांचा मठ, आहे, झेंड्यांच्या रंगीत माळा आहेत, आणि भोवती आपल्यासारख्याच धानाच्या बांध्या. नणंदेच्या घराजवळच्या बायका तिथे रोवणीला जातात, कापणीलाही जातात. ही कापणीच मला महत्त्वाची वाटते. धान कापायला येतं नेमकं तेव्हा, जेव्हा कॅम्पातली धडधाकट माणसं स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरात निघालेली असतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मग धान कापणार कोण? आजूबाजूच्या गावांतल्या बायका. नणंदेने सांगितलं की तिबेटी मजुरी वेळेवर देतात, उधार ठेवत नाहीत, आणि चहा लोणी घालून देतात तो मात्र घशाखाली उतरत नाही. तर नागपुरात मी साडेसहाशेला घेतलेल्या कार्डिगनमुळे गोंदियातल्या एखाद्या बाईला कापणीचे दिवस मिळाले आणि लुधियानात एखाद्या कारागिराच्या मशीनला काम मिळालं. शहरात बसून ‘निर्वासितांचा बोजा’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

कुरबुर नसते असं नाही. नणंदेचे सासरे म्हणायचे, यांना परदेशातून मदत येते, यांची घरं पक्की आणि आमची कौलं गळतात. त्यात तथ्य होतंच. बाहेरच्या संस्थांचा पैसा वसाहतींत आला, शाळा-दवाखाने आधी तिथे झाले, आणि शेजारच्या आदिवासी टोल्यावर ते उशिरा पोचलं. इतरत्र असंच धुमसून भडकलंही आहे. १९९४ मध्ये धरमशाळेत एका स्थानिक तरुणाच्या खुनानंतर तिबेटींची दुकानं-घरं फोडली गेली होती. आपल्याकडे तसं काही माझ्या ऐकिवात नाही. मला वाटतं शेतीने ते वाचवलं. एकाच कालव्याचं पाणी दोघांना लागलं की भांडण होतं आणि मिटवावंही लागतं.

बर्डीतल्या एका रेडिमेडवाल्याचं म्हणणं वेगळं. “आम्ही बारा महिने भाडं भरतो, हे तीन महिने येऊन मलई खाऊन जातात.” हा आमचा जुना ओळखीचा माणूस, आल्टरचं काम मला देतो, त्यामुळे मी वाद घालत नाही. पण बाप्पा, तुमच्या दुकानात स्वेटर असतात किती? एका कपाटात. कारण नागपूरची थंडी हा जुगार आहे आणि दुकानदाराला तो खेळायचा नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता, तेव्हा या गाळ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. आणि ज्या वर्षी डिसेंबरभर ढग राहतात त्या वर्षी याच बायका दिवसभर थप्प्या झटकत बसलेल्या असतात, लालाचं देणं तसंच. तो धोका त्यांनी उचलला म्हणून आपल्याला ऐन थंडीत शंभर प्रकार बघायला मिळतात. मलई म्हणायची तर ती दरवर्षी येत नाही.

आणि शहर या बाजारावर काही कमावत नाही का? मैदानाचं भाडं आहे, मांडववाल्याचे पैसे आहेत, वीज आहे. तीन महिने खोली भाड्याने देणारे घरमालक आहेत, गठ्ठे वाहणारे हमाल आणि छोटा हत्ती चालवणारे आहेत, बाहेरचे चहा-पोहेवाले आहेत. आणि मी आहे. लुधियानावाले बाही पंजाब्यांच्या हाताची कापतात. आपल्या माणसांच्या ती बोटांवर येते. काठ उसवायचा, बाही कापून आधी ओव्हरलॉक मारायची म्हणजे वीण सुटत नाही, मग काठ परत बसवायचा. सत्तर रुपये. दिवाळीचं ब्लाउजचं काम संपल्यावर संक्रांतीपर्यंत शिवणवालीचा हंगाम सुस्त असतो. तो माझा या स्वेटरांवर निघतो.

इथे एक विषयांतर, पण इंदोऱ्यात राहते म्हणून ते टाळता येत नाही. आमच्या वस्तीला लागून जरीपटका. जरीपटका म्हणजे सिंधी. १९४७ नंतर सिंधमधून आलेली माणसं, तीही निर्वासितच. माझी आजी सांगायची, सुरुवातीला डोक्यावर टोपली घेऊन पापड आणि कटपीस विकायला आमच्या गल्लीत यायचे. आज त्याच जरीपटक्यात कपड्यांची दुकानं, सोनार, आणि रविवारी सकाळी दाल-पकवानासाठी रांग. आमच्या वस्तीतली कितीतरी पोरं त्या दुकानांत कामाला आहेत. आणि पगारावरून कुरकुर आहे तीही आहेच. मेहनती जमात वगैरे लोक म्हणतात. मेहनत होती, नाही कोण म्हणतं. पण तिबेट्यांची मेहनत काय कमी आहे? सिंधी आले ते नागरिक म्हणून आले. मागे सोडलेल्या मालमत्तेची भरपाई देणारा कायदा १९५४ मध्ये झाला. जमीन घेता आली, परवाना काढता आला, बँकेत उभं राहता आलं, मत देता आलं, १९६७ मध्ये सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. टोपलीचं दुकान व्हायला एवढं लागतं. तिबेट्यांचा गाळा साठ वर्षांनंतरही बांबूचाच आहे, कारण पक्क्या दुकानाला जे कागद लागतात ते त्यांच्याकडे नाहीत.

तसं २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. जमिनीचे पट्टे २० वर्षांसाठी द्यावेत, व्यवसायाचे परवाने मिळावेत, रोजगार हमीसारख्या योजना लागू कराव्यात असं त्यात आहे. नागरिकत्वाची वाटही आहे, निदान काहींसाठी. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो जन्माने नागरिक, आईबाप कोणीही असोत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तिबेट्यांच्या बाबतीत ते मान्य केलं. माझी स्वेटरवाली त्या काळातलीच. मग पासपोर्ट का नाही काढला? तर पासपोर्ट हवा असेल तर आरसी परत करायची, वसाहतीत राहायचं नाही, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडायच्या, असं २०१७ मध्ये सरकारने सांगितलं. वसाहत सोडायची तर सासू कुठे ठेवायची, बांधी कोण बघणार? “आणि ताई,” ती म्हणाली, “सगळेच भारतीय झाले तं परत जायचं कोण म्हणेल?” यावर मला काही बोलता आलं नाही. तिचा दीर स्पेशल फ्रंटियर फोर्समध्ये होता, तेच दल जे भारताने १९६२ मध्ये तिबेट्यांचं म्हणून उभं केलं.

मी बौद्ध आहे, त्यामुळे नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला तेव्हा मी तिला उत्साहाने म्हटलं होतं की त्यात बौद्ध आहेत, तुमचं काम होईल. ती माझ्यापेक्षा जास्त वाचून होती. कायद्यात बौद्ध आहेत, पण देश तीनच आहेत : पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान. तिबेट त्यात बसत नाही. जरीपटक्यात पाकिस्तानातून २०१४ संपेपर्यंत आलेल्या सिंधी कुटुंबांना मात्र मार्ग मिळाला. त्याआधीही २०१६ मध्ये ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना अशांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले त्यात नागपूर होतं. मिळालं त्यांचं चांगलंच झालं. पण एकाच शहरात, दोन-चार किलोमीटरवर, एकाला किल्ली मिळते आणि दुसऱ्याला दरवर्षी मैदानाची परवानगी, हे दिसतं ते दिसतंच.

दीक्षाभूमीवर येणाऱ्या आमच्या लोकांना या बाजाराबद्दल आपुलकी आहे, ‘आपलीच माणसं’ म्हणून. चांगलं आहे. पण त्या आपुलकीत दोन गोष्टी खटकतात. एक, काही जण धम्माच्या नावाने भाव पाडून मागतात. “जय भीम ताई, आपलेच आहोत, दोनशे कमी करा.” लालाला धम्माचं काय सांगणार ती? दुसरं, दया म्हणून घेणं. नको असलेली टोपी घ्यायची आणि घरी जाऊन सांगायचं, बिचाऱ्यांना मदत केली. माल चांगला आहे, चांगला म्हणून घ्या. मी पन्नास रुपये सुट्टे सोडते तेही ती परत देते.

पुढे हा बाजार किती वर्षं राहील सांगता येत नाही. गाळ्यावरच्या बायकांची वयं बघा, पन्नाशीच्या पुढच्याच जास्त. माझ्यावालीची मुलगी बंगळुरूला नर्स आहे, मुलगा परदेशी जायच्या खटपटीत. सगळ्या वसाहतींत हेच चाललंय. शिकलेली पोरं अमेरिका-कॅनडा-युरोप गाठतात. इकडे लोक मोबाइलवर स्वेटर मागवतात आणि माप चुकलं की परत करतात. मुलगी सुट्टीत गाळ्यावर बसते तेव्हा इंग्रजीत छान विकते, पण थप्पी घालता येत नाही तिला, बाह्या बाहेर राहतात. आई तिच्या पाठीमागून परत घालते. शहरभर जे मोमोचे ठेले झालेत ते ‘तिबेटी’ म्हणून यांच्या नावावर खपतात, प्रत्यक्षात चालवणारे बहुतेक दार्जिलिंग-नेपाळकडचे, तिला विचारलं तर म्हणाली, “ते मोमो नाही, ती मेयोनीजची कचोरी आहे.”

आता तक्रारी, म्हणजे परीक्षण पुरं होईल. घालून बघायला आडोसा नाही; स्वेटर ठीक, पण थर्मल कसं बघणार? आरसा एकच, तोही कुठल्यातरी खांबाला दोरीने बांधलेला आणि तुमचं डोकं कापणारा. धूळ फार, फिक्या रंगाचा वरचा नग घेऊ नका, थप्पीच्या मधला मागा. संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते. दुपारी अडीच-तीनला जा, गर्दी कमी आणि उजेडात रंगही खरा दिसतो. पिवळ्या बल्बखाली घेतलेला मरून घरी आल्यावर वीटकरी निघतो. बदलून देतात, पण त्याच गाळ्यावर आणि चिठ्ठी काढली नसेल तरच. गाळ्याचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी सगळे गाळे सारखेच दिसतात. एका गाळ्यावर मला उसवलेला काठ बदलून द्यायला नकार मिळाला होता, तेव्हा सगळे देवमाणूसच आहेत असंही समजू नका.

जानेवारीच्या शेवटी भाव उतरतात, पण तेव्हा मापं उरत नाहीत, एक तर अगदी लहान किंवा अगदी ढगळ. शिवाय काही जण प्रवचनासाठी बोधगयेला निघून जातात, आणि लोसार, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, त्याच्या आत सगळ्यांना कॅम्पात पोचायचं असतं. बदलाबदलीची शक्यता असेल तर डिसेंबरमध्येच घ्या. धुताना गार पाणी, पिळू नका, दोरीवर टांगू नका. चादरीवर आडवं पसरून वाळवा, नाहीतर बाही आणखी लांब होईल आणि तुम्ही माझ्याकडे याल. या, पण सत्तरचे आता ऐंशी केलेत.